घरीं पाव करणें परवडतें काय?

पूर्वीं हा प्रश्न आमच्या खेड्यापाड्यांतून कोणाच्या मनांत येत नसे. भाकरी घरीं होत असे, आणि पाव, तालुक्याच्या गांवीं कधीं जाणें झालें तर, विकत मिळत असे. दोहोंची जागा ठरलेली होती. आतां पाववाला सकाळीं मोटारसायकलीवर लाद्या बांधून वस्तीवस्तीवर फिरतो. दुसऱ्या बाजूनें विजेची लहान भट्टी लग्नाच्या आहेरांतून येऊन पुष्कळ घरांत फळीवर बसली आहे, आणि मुलींनीं मोबाइलवर पाहून घरीं पाव भाजूनही पाहिले आहेत. तेव्हां पाव घरीं करावा कीं विकत आणावा, असा प्रश्न उत्पन्न झाला आहे. वरवर पाहतां ही चुलीजवळची क्षुल्लक बाब आहे, आणि मंडळीच्या साप्ताहिकांत तिचा ऊहापोह कशाला, असें एखाद्या वडीलधाऱ्या वाचकास वाटेल. परंतु मनुष्य वर्षांतून एकदां जें करितो त्यापेक्षां रोज जें करितो त्यांत त्याची नीति अधिक दिसते. शिवाय या प्रश्नावरून कांहीं घरांत खरोखर कटुता आली आहे, हें आम्ही जाणून आहों.

एका घरीं नोकरींतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. बाजारच्या पावांत विष असतें असें त्यांनीं कोठें वाचलें, आणि तेव्हांपासून घरांत विकतचा पाव येणें बंद झालें. पाव खाण्याची संवय मात्र बंद झाली नाहीं. ती भागविण्याचें काम पत्नीकडे आलें. बाई दिवसभर शेतांत राबतात, रात्रीं भांडीं घांसल्यावर पीठ भिजवून ठेवितात, आणि पहांटे चार वाजतां उठून पाव भाजतात. दुसऱ्या घरीं याच्या उलट प्रकार आहे. तेथें सून हौसेनें पाव करिते, उत्तम करिते, आणि सासूबाई म्हणतात, "वीज जाळून नसते उद्योग कशाला गं? दारांत पाववाला येतोच कीं!" दोघींचे हात एकच काम करितात. एकीला तें करावें लागतें, आणि दुसरीला कोणी करूं देत नाहीं. या दोन घरांस एकच उत्तर लागू पडेल काय?

'परवडणें' हा शब्द हिशेबाचा आहे, म्हणून हिशेबापासूनच आरंभ करूं. अर्धा किलो मैदा किंवा कणीक, सुमारें तीनशें मिलिलिटर पाणी, चहाचा एक चमचा सुकें यीस्ट, दीड चमचा मीठ, आणि थोडी साखर व तेल, इतक्या सामग्रींत मध्यम आकाराचा एक पाव होतो. पीठ मळण्यास दहा-पंधरा मिनिटें लागतात. मग तें फुगण्यास उन्हाळ्यांत सुमारें एक तास, थंडींत दोन तास किंवा अधिकही. नंतर आकार देऊन पुनः पाऊण तास ठेवावें लागतें, आणि शेवटीं दोनशें अंशांच्या उष्णतेंत अर्धा-पाऊण तास भाजावें लागतें. लहान भट्टी दीड हजार वॉटची धरली, तर तापविणें व भाजणें मिळून एक ते दीड युनिट वीज जाते. या मापांस आपल्या गांवचे भाव लावून ज्यानें त्यानें बेरीज करावी. मैद्याचा साधा पाव असेल तर बहुधा कांहीं वाचणार नाहीं. गव्हाच्या नुसत्या कणकेचा, शहरच्या दुकानांत महाग मिळणारा पाव असेल तर कांहीं रुपये खात्रीनें वाचतील. कारण उघड आहे. पाववाल्याची भट्टी एकदां तापली कीं शेंकडों पाव भाजते, आणि घरची भट्टी एका पावासाठीं तापते.

पण या बेरजेंत एक रकाना रिकामा राहिला आहे. या तीन-चार तासांत हात प्रत्यक्ष कामांत असतात ते अर्धा तासच, हें खरें. परंतु उरलेल्या वेळांतही मनुष्य बांधलेलें असतें. पीठ फुगून वर आलें कीं त्याला 'जरा थांब' म्हणतां येत नाहीं. तेवढ्या वेळांत शेतावर जातां येत नाहीं, सभेस बसतां येत नाहीं, आजारी शेजारणीच्या उशाशीं बसतां येत नाहीं. हे तास शून्य किंमतीचे धरिले तरच घरचा पाव स्वस्त पडतो. आणि ते शून्य धरण्याची आपल्याला इतकी संवय जडली आहे कीं आपण तसें केलें हेंच ध्यानांत येत नाहीं. भारत सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं देशांतील लोकांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकीं शेंकडा एक्याऐशीं घरचें विनामोबदला काम करितात आणि पुरुषांपैकीं शेंकडा सव्वीस, असें तींत दिसून आलें. अशा काम करणाऱ्या स्त्रीचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटें भरला, तर काम करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटें. आमचे निवृत्त गृहस्थ घरचा पाव स्वस्त पडतो म्हणतात, तेव्हां त्या २९९ मिनिटांवर ते आणखी भर घालीत असतात, आणि तीही झोपेच्या वेळांतून.

हिशेब कोण मांडतो यावरून उत्तर किती बदलतें, याचें एक जुनें उदाहरण इंग्लंडांत सांपडतें. बर्कशर परगण्यांतील बार्कम गांवचे पाळक डेव्हिड डेव्हिस यांनीं १७८७ पासून आपल्या गांवच्या शेतमजुरांचे जमाखर्च लिहून घेतले, इतर ठिकाणचे मिळविले, आणि १७९५ सालीं ते पुस्तकरूपानें छापिले. मजुराच्या कमाईचा सर्वांत मोठा वाटा पाव व पीठ यांवर जातो, हें त्यांनीं आंकड्यांनीं दाखविलें. गरिबांनीं पाव घरीं भाजावा कीं विकत घ्यावा याविषयीं त्यांचें म्हणणें असें होतें कीं, जेथें सरपण दुर्मिळ व महाग आहे तेथें भटाऱ्याकडून पाव घेणेंच गरिबाला स्वस्त पडतें. जेथें सरपणास तोडून आणण्याच्या श्रमांपलीकडे कांहीं पडत नाहीं, तेथें घरीं भाजण्यांत थोडी बचत होते. पुढें १८२१-२२ सालीं विल्यम कॉबेट या प्रसिद्ध वृत्तपत्रकर्त्यानें 'कॉटेज इकॉनमी' या नांवाचें पुस्तक काढिलें. मजुराच्या बायकोनें भटाऱ्याच्या दुकानीं जाणें ही त्याला लाजिरवाणी गोष्ट वाटे, आणि पाव घरींच झाला पाहिजे असा त्यानें मोठ्या आवेशानें उपदेश केला. कॉबेट गरिबांचा कैवारी होता, त्याचा हेतु वाईट नव्हता. तरी पाळकानें सरपणाचा भाव विचारिला आणि वृत्तपत्रकर्त्यानें बाईची लाज काढिली, हा भेद लहान नाहीं.

विकतचा पाव हें अलीकडच्या काळाचें वैभव आहे आणि आपले पूर्वज सर्व कांहीं घरींच करीत, ही समजूतही तपासून घ्यावी. यरुशलेमेस वेढा पडला असतां सिद्कीया राजानें बंदींत असलेल्या यिर्मयाला रोज एक भाकर देण्याचा हुकूम केला. ती भाकर भटाऱ्यांच्या आळींतून येत असे, असें शास्त्रांत स्पष्ट आहे, म्हणजे इ. स. पूर्वी सहाव्या शतकाच्या आरंभीं त्या शहरांत भाकरी भाजून देणाऱ्यांची आळीच होती. उलट रोम शहरांत पर्सियस राजाशीं युद्ध होईपर्यंत, म्हणजे इ. स. पूर्वी १७१ च्या सुमारापर्यंत, भटारी नव्हते, पाव घरींच होई व तें काम स्त्रियांचें असे, असें प्लिनी लिहितो. आणि शुभवर्तमानांतील दृष्टांतांत जी बाई तीन मापें पिठांत खमीर लपविते, तिचें पीठ आजच्या मापानें चाळीस लिटरांच्या घरांत जातें. तें शंभर एक माणसांस पुरेल. भट्टी एकदां तापवावयाची तर ती पुष्कळांसाठीं तापवावी, हें त्या काळच्या घरच्या बाईलाही ठाऊक असावें.

आमच्या मराठी शास्त्रांत भाषांतरकारांनीं 'भाकर' हा शब्द योजिला हें फार बरें केलें, कारण आमच्या लोकांचें रोजचें अन्न तेंच आहे. पण त्यामुळें पाव आणि भाकरी या एकाच जातीच्या वस्तु आहेत असें वाटूं लागतें. तशा त्या नाहींत. गव्हाच्या पिठांत ग्लूटेन नांवाचें चिवट द्रव्य तयार होतें. यीस्ट पिठांतील साखर खाऊन जो वायु सोडतें तो या चिवट जाळ्यांत अडकतो, म्हणून पाव फुगतो. ज्वारी-बाजरींत तें द्रव्य नाहीं. त्यांचें पीठ कितीही मळलें तरी फुगावयाचें नाहीं. म्हणून ऊन पाण्यांत पीठ भिजवून, काठवटींत थापून, लगेच तव्यावर टाकणें हीच त्यांची रीति. पाव थांबावयास लावितो, भाकरी थांबूं देत नाहीं. पाव सकाळीं भाजलेला संध्याकाळीं चालतो, आणि ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरली तेव्हां जी असते ती तासाभरानें राहत नाहीं. यास्तव भाकरी घरीं करण्याचें कारण भाकरीच्या स्वभावांतच आहे. पावाला तसें कारण नाहीं.

गोंव्याकडे पाहिलें म्हणजे हें अधिक पटतें. तेथें पाव हेंच खेड्यांतलें रोजचें अन्न झाल्यास कांहीं शतकें लोटलीं. पूर्वीं माडाची सूर घालून पीठ फुगवीत. पण तो पाव घरोघर भाजीत नाहींत. गांवाचा पोदेर आपल्या भट्टींत भाजून, सायकलीवर टोपली बांधून, भोंपू वाजवीत सकाळ-संध्याकाळ दारीं येतो, आणि घरोघरच्या बायका ऊन ऊन पाव घेतात. त्या घरांत माया कमी आहे असें म्हणण्याचें धाडस कोण करील?

मायेचा विषय निघाला म्हणून आमच्याच कडील एका गोष्टीची आठवण द्यावीशी वाटते. गांवोगांव पिठाची गिरणी आली तेव्हां हाच वाद दळणाविषयीं झाला. जात्यावरचें पीठ थंड, गिरणीचें तापतें, भाकरीस ती चव नाहीं, बायका आळसावतील, असें पुष्कळांनीं म्हटलें. त्यांतील पहिलें म्हणणें अगदीं खोटें नव्हतें. आणि जात्याबरोबर ओव्याही गेल्या, ही हानि तर खरीच आहे. हेमा राइरकर व गी प्वातवँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रांतील खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. त्या वाचल्या म्हणजे पहांटेच्या अंधारांत आमच्या आज्यांनीं काय काय मनांत आणिलें हें पाहून थक्क व्हावें. परंतु त्या ओव्यांत खांदे दुखल्याचा, माहेर अंतरल्याचा व सासरच्या जाचाचा सूरही आहे. गिरणी परवडते काय, हा प्रश्न पारावर बसलेल्यांनीं विचारिला. बायकांनीं तो विचारिला नाहीं. दळणाचा डबा डोक्यावर घेऊन त्या गिरणीकडे चालूं लागल्या.

आतां विषाच्या प्रश्नाकडे येऊं, कारण निवृत्त गृहस्थांचें भय निराधार नाहीं. लंडनांत डॉ. आर्थर हिल हॅसल यांनीं १८५१ ते १८५४ या काळांत दुकानांतील खाद्यपदार्थ सूक्ष्मदर्शक यंत्रानें तपासिले, तेव्हां पाव पांढरा दिसावा म्हणून त्यांत तुरटी घालीत असल्याचें उघडकीस आलें. आमच्या देशांत २०१६ च्या मे महिन्यांत दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' या संस्थेनें पावाचे ३८ नमुने तपासिले, आणि त्यांपैकीं शेंकडा चौऱ्याऐशीं नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट हीं द्रव्यें आढळलीं. ब्रोमेटानें कर्करोग होण्याचा संभव मानिला जातो. त्याच वर्षीं जून महिन्यांत सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानें ब्रोमेटास मनाई केली.

अशा वेळीं दोन मार्ग सुचतात. एक मार्ग अमेरिकेंतील सिल्व्हेस्टर ग्रॅहॅम यांनीं घेतला. ते प्रेस्बिटेरियन पाळक होते, म्हणजे आमच्याच पेशाचे. १८३७ सालीं बॉस्टन येथें त्यांनीं पावावर एक ग्रंथ लिहिला. कोंडा न काढलेल्या पिठाचा पाव खावा हें त्यांचें म्हणणें आज पुष्कळ वैद्य मान्य करितील. परंतु असा पाव घरच्या मातेनेंच करावा, इतर कोणाच्या हातून तो नीट होणार नाहीं, असाही त्यांचा आग्रह होता. रोगाचें निदान त्यांनीं भटाऱ्याच्या दुकानांत केलें आणि औषधाचा भार मातेच्या मनगटावर टाकिला. दुसरा मार्ग हॅसल यांच्या तपासणींतून निघाला. इंग्लंडांत १८६० सालीं भेसळीविरुद्ध कायदा झाला, आणि १८७५ सालीं अधिक कडक झाला. ग्रॅहॅम यांच्या मार्गानें ज्याच्या घरीं भट्टी आहे त्याचीं मुलें वांचतात. दुसऱ्या मार्गानें ज्याच्या घरीं भट्टी नाहीं त्याचींही. ज्या मजुराच्या पोराच्या सकाळच्या चहांत पाववाल्याचाच पाव बुडावयाचा आहे, त्याला आपल्या घरच्या शुद्ध पावानें काय लाभ झाला? निवृत्त गृहस्थांना लिहितां-वाचतां येतें, कचेरींत कोणास भेटावें हें कळतें. तालुक्याच्या बेकरींत कोणतें पीठ वापरितात, सुधारणेसाठीं काय घालितात, हें विचारण्यास एक सकाळ त्यांनीं दिली असती, तर सर्व गांवावर उपकार झाले असते आणि पत्नीच्या चार घटका झोपेचे ऋणही वाढलें नसतें.

याहून एक नाजूक गोष्ट आहे. 'आम्ही बाहेरचें खात नाहीं' हें वाक्य आमच्या देशांत नुसत्या प्रकृतीच्या काळजीनें कधींच बोललें गेलेलें नाहीं. पाव हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आला. पायांनीं तुडवून करितात म्हणून पाव, ही व्युत्पत्ति खोटी आहे. पण ती टिकली, कारण तिच्यामागची किळस टिकली. विहिरींत पाव टाकून गांवच्या गांव बाटविल्याच्या कथा गोंवा व वसई या भागांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. त्या कशाही असोत, पाव पोटांत गेला म्हणजे मनुष्य जातींतून गेला ही समजूत मात्र पक्की होती. म्हणून तर १८४९ सालीं मुंबईस दादोबा पांडुरंग आदि गृहस्थांनीं परमहंस सभा स्थापिली, तेव्हां नव्या सभासदाला ख्रिस्ती मनुष्यानें भाजलेला पाव खाऊन आपलें धैर्य दाखवावें लागे. पाव खाणें हें त्या काळीं जातिभेदाविरुद्ध टाकलेलें पाऊल होतें. सभा गुप्त होती, आणि सभासदांचीं नांवें फुटण्याचें भय उत्पन्न होतांच ती मोडली, यावरून तो एक घांस किती जड होता हें कळतें. आमच्या वडिलांच्या पंक्तीस बसण्यास लोक भीत असत. आणि आज आमच्यापैकींच कोणी पाववाल्याच्या जातीधर्माची चौकशी करून मग 'स्वच्छतेसाठीं' घरीं पाव करूं लागला, तर तें खमीर कोणत्या डब्यांतून काढलेलें आहे हें त्यानें आपलें आपण पाहावें. स्वच्छता पाहावयाची तर भट्टीची पाहावी. ती पाहतां येते.

इतकें लिहिल्यावर घरचा पाव करूंच नये असें आमचें मत आहे, असा कोणी समज करून घेऊं नये. २०२० सालीं महामारीमुळें टाळेबंदी झाली, तेव्हां अनेक देशांत दुकानांतून यीस्ट नाहींसें झालें, कारण घरीं कोंडलेले लोक पाव भाजूं लागले. त्यांत बचतीचा विचार थोड्यांचाच होता. बाहेर मृत्यु फिरत असतां पीठ भिजवावें, झांकून ठेवावें, आणि तासाभरानें झांकण काढून पाहावें तों तें आपोआप दुप्पट झालेलें असावें, यानें मनाला कांहीं आधार मिळाला असला पाहिजे. ही गोष्ट कोणत्याही रकान्यांत बसत नाहीं. सुनेला पाव करण्यांत जो आनंद वाटतो तो या जातीचा आहे, आणि सासूबाईंनीं विजेचें बिल पुढें करून तो मारूं नये. सून दिवसाकाठीं इतर सर्व कामें करून हा एक तास आपला म्हणून मागते. मुलगा तोच तास क्रिकेटच्या सामन्यास देतो, तेव्हां वीज जळत नाहीं काय?

शिवाय त्या सुनेच्या पावाला शेजारच्या दोन घरांतून मागणी आली आहे. येथें एक नवीनच अडचण उभी राहते. शहरांत आतां पोळी-भाकरी करून विकणाऱ्या बायका व बचत गट पुष्कळ झाले आहेत, आणि गिऱ्हाइकांची एक तक्रार सर्वत्र ऐकूं येते कीं, "एका भाकरीला इतके पैसे? पीठ तें कितीचें?" हेच गिऱ्हाईक गाडीच्या दुरुस्तीचे पैसे देतांना लोखंड कितीचें असें विचारीत नाहीं. भाकरीस लागलेले श्रम जन्मभर फुकट मिळाले, म्हणून ते विकत घेतांना लुबाडल्यासारखें वाटतें. सुनेनें पावाचा भाव सांगितला त्या दिवशीं सासूबाई गप्प राहिल्या, असें ऐकितों. घरांत जो उद्योग नसता होता, त्याला शेजारणीनें नोटा मोजल्या. हा कांहीं फार उंच प्रतीचा न्याय नव्हे, कारण पैसे न मिळतांही त्या श्रमांचें मोल तितकेंच होतें. तरी डोळे उघडण्याचा तो एक मार्ग खरा.

तेव्हां आमचें मत असें आहे. खेड्यांतील घराला रोजचा पाव घरीं करणें परवडत नाहीं. तो पाववाल्याकडून घ्यावा, चांगला मागावा, आणि वाईट दिला तर चारचौघांनीं मिळून जाब विचारावा. भाकरी घरीं करावी, पण थापणारे हात एकाच माणसाचे नसावे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला भाकरी थापतां येत नाहीं असें नाहीं; पहिल्या आठ दिवस त्या वेड्यावांकड्या होतील, आणि नंतर होणार नाहींत. हौसेचा पाव ज्याला हौस आहे त्यानें करावा, मग तो पुरुष असला तरी चालेल. किंबहुना निवृत्त गृहस्थांची प्रकृति उत्तम आहे, वेळ भरपूर आहे, आणि पीठ मळण्यास मनगटांत जोर लागतो तो त्यांच्या मनगटांत अद्याप आहे. पाव घरींच झाला पाहिजे असा निश्चय त्यांनीं केला आहे, तो त्यांनीं अवश्य पाळावा.

जातां जातां एका गोष्टीची सूचना करणें आमच्या कामाचाच भाग आहे. कित्येक लहान मंडळ्यांत प्रभुभोजनासाठीं लागणारी भाकर किंवा पाव वर्षानुवर्षें एकच बाई घरून करून आणिते. शनिवारीं संध्याकाळीं तिच्या घरीं पाहुणा असो, ताप असो, पीठ भिजवावें लागतेंच, आणि रविवारीं ती मेजावर ठेवून मागच्या चटईवर जाऊन बसते. येत्या पंचायतीच्या सभेंत यासाठीं पाळी लावावी, आणि पाळींत वडिलांचीं व पंचांचीं घरेंही धरावीं. ज्या महिन्यांत कोणाच्याही घरीं सवड नसेल त्या महिन्यांत पाववाल्याकडून एक पाव आणावा. पैसे मंडळीच्या खात्यांतून द्यावे.